श्रावण कुठून मोजायचा? लातूरच्या एका बर्गर-पिझ्झा शाखेचे प्रकरण

लातूर शहरात औसा रस्त्यालगत 2022 च्या जून महिन्यात एका बर्गर-पिझ्झा साखळीची शाखा सुरू झाली. हंगाम ठरवून निवडलेला होता, कारण दहावीचा निकाल लागला की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून मुले ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथल्या परीक्षा-तयारीच्या ओढीने येथे येतात, ट्यूशन एरियाच्या आसपास खोल्या घेतात आणि पुढची दोन वर्षे मेसच्या डब्यावर काढतात. शाखा घेणारे दोघे भागीदार एकाच महाविद्यालयात शिकलेले मित्र होत. त्यांपैकी थोरला लिंगायत व्यापारी घराण्यातला, तर धाकटा अहमदपूर तालुक्यातल्या मराठा शेतकरी कुटुंबातला. साखळीचे मुख्यालय गुरुग्रामला आणि मालाचे कोठार पुण्याजवळ आहे. भागीदारांच्या विनंतीवरून त्यांची आणि साखळीची नावे येथे दिलेली नाहीत. वाणिज्य विषयाच्या अध्यापनाच्या निमित्ताने मला या शाखेचे करारपत्र आणि दोन वर्षांत बदललेले मेनूचे तिन्ही तक्ते पाहता आले, तसेच दोघांशी सविस्तर बोलता आले, आणि पुढील विवेचन त्यावर आधारलेले आहे.

मेनूचा स्थानिक अवतार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चव येते: जपानमध्ये तेरियाकी, भारतात मसाला, आखाती देशांत अरबी रोटीतले कबाब. या प्रकरणावरून मला दिसणारा क्रम निराळा आहे. परक्या मुलखात जाणाऱ्या साखळीला आधी तिथले लोक काय खात नाहीत हे शिकावे लागते, मग त्यांचा खिसा किती खोल आहे हे, आणि चवीचा प्रश्न त्यानंतर येतो. लातूरच्या शाखेने हा क्रम उलटा लावून सुरुवात केली होती.

दुसऱ्या फळीची साखळी

आधी एक व्यावहारिक बाब. जिल्ह्याच्या ठिकाणी पैसे गुंतवू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला जगप्रसिद्ध नावाची शाखा सहसा मिळतच नाही. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड्सची दुकाने हार्डकॅसल रेस्टॉरंट्स ही कंपनी स्वतः चालवते, डॉमिनोजची भारतातली दुकाने जुबिलंट फूडवर्क्स स्वतः चालवते, आणि या कंपन्या एखाद्या गावच्या शेठजींना आपले दुकान चालवायला देत नाहीत. (तरीही त्यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून ‘फ्रँचायझी देतो’ म्हणत लाखोंनी फसवणूक झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.) त्यामुळे असा गुंतवणूकदार वळतो तो दुसऱ्या फळीतल्या देशी साखळ्यांकडे, ज्यांनी पाटीचा रंग, मेनूची मांडणी आणि पदार्थांची नावेसुद्धा मोठ्यांच्या धर्तीवर बेतलेली असतात. मोठ्या साखळ्यांनी भारतात येताना जे बदल वर्षानुवर्षे विचार करून केले, ते या साखळ्यांना आयते मिळाले. ते बदल कशासाठी केले होते, याचा विचार मात्र त्यांच्याबरोबर आला नाही.

हा विचार समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मॅकडोनाल्ड्सचा माशाचा बर्गर हा मुळात परदेशासाठी केलेला बदल नव्हता. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात लू ग्रोएन नावाच्या चालकाचे दुकान कॅथलिक वस्तीत होते. शुक्रवारी, त्यातही ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, गिऱ्हाईक मांस टाळत असे आणि गल्ला रिकामा राही. म्हणून त्याने 1962 मध्ये माशाचा बर्गर काढला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांची पसंती पावात अननसाची चकती घातलेल्या बर्गरला होती. दोन्ही एकाच दिवशी विकायला ठेवून निकाल लावला गेला आणि मासा जिंकला. म्हणजे या कंपनीच्या मेनूवरचा एक जुना आणि टिकाऊ बदल उपवासाच्या वारामुळे झाला होता. आपल्याकडच्या सोमवार-गुरुवार-शनिवाराच्या हिशेबापेक्षा तो फारसा वेगळा नाही.

भारतात मॅकडोनाल्ड्सचे पहिले दुकान 1996 मध्ये दिल्लीच्या वसंत विहारमध्ये उघडले आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. मेनूवर गोमांस नव्हते आणि डुकराचे मांसही नव्हते. बीफशिवाय चालणारी ही या कंपनीची जगातली पहिलीच दुकाने. ‘महाराजा मॅक’ आधी मटणाचा होता, नंतर चिकनचा झाला. या दोन गोष्टींची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट: शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा, उपकरणे, तेल आणि हाताळणारे कर्मचारीही वेगळे ठेवले गेले, आणि मेयोनेज अंड्याशिवाय करून घेतले गेले. गिऱ्हाईक जे तोंडात घालणार होते त्यापेक्षा त्याच्या नजरेआड जे घडणार होते त्यावर हा खर्च झाला होता.

तो खर्च वाया गेला नाही, हे पाच वर्षांनी दिसले. 2001 मध्ये अमेरिकेत असे उघड झाले की तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या फ्राइजमध्ये ‘नैसर्गिक स्वाद’ या मोघम नावाखाली गोमांसाचा अर्क वापरला जात होता. तळण्यासाठी वनस्पती तेल वापरतो, असे कंपनीने 1990 पासून सांगितलेले होते. खटला झाला, कंपनीने क्षमा मागितली आणि 2002 मध्ये एक कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. बातमी इकडे आली तेव्हा ठाण्यातल्या एका दुकानाची नासधूस झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये असा अर्क नाही, हे कंपनी ठामपणे सांगू शकली, कारण येथली पुरवठा-व्यवस्था मुळातच वेगळी उभी केलेली होती. तिच्यातल्या कित्येक गोष्टी तर आपल्या राज्यातल्याच होत्या: पॅटी तळोज्याची, सॅलडची पाने तळेगावच्या शेतांतली, चीज बारामतीचे.

आप्पांची अट

लातूरच्या शाखेची जागा थोरल्या भागीदाराच्या वडिलांच्या मालकीची. घरात आणि बाजारात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. भुसारचा जुना व्यापार, गंजगोलाईच्या बाजारपेठेत नाव, गळ्यात इष्टलिंग. जागा देताना त्यांनी भाड्याचा आकडा मुलाच्या मनाप्रमाणे ठरू दिला, पण एक अट घातली: ‘माझ्या वास्तूत मांस शिजणार नाही. बाहेर तुम्ही काय खाता ते मी विचारत नाही.’ मुलाने ही अट ऐकून घेतली आणि साखळीशी करार करताना तिचा उल्लेख टाळला.

करारपत्रात मुख्य मेनू ठरलेला होता आणि त्यात चिकनचे पदार्थ जवळजवळ निम्मे होते. शाखेला मेनूतून काही गाळण्याची मुभा नव्हती. उलट, मुख्यालयाच्या संमतीने ‘स्थानिक चवीचे’ मोजके पदार्थ वाढवण्याची सवलत होती, आणि करार विकायला आलेल्या प्रतिनिधीने याच सवलतीची सर्वांत जास्त तारीफ केली होती. म्हणजे वाढवण्याचे स्वातंत्र्य होते, वगळण्याचे नव्हते. साखळीच्या दृष्टीने याला कारणही होते, कारण चिकनच्या ऑर्डरचे बिल मोठे होते आणि साखळीचा हिस्सा एकूण विक्रीवर ठरत असे.

तडजोड अशी निघाली की इमारतीच्या मागच्या बाजूला, आप्पांच्या हद्दीबाहेरचा एक गाळा भाड्याने घेऊन चिकनचे तळण तिथे करायचे आणि पुढच्या दुकानात फक्त तयार पदार्थ आणून द्यायचा. कागदावर ही व्यवस्था मॅकडोनाल्ड्सच्या दोन स्वयंपाकघरांसारखीच दिसत होती. प्रत्यक्षात ती गिऱ्हाइकाला दिसतच नव्हती. काउंटरवर एकच ट्रे, एकच चिमटा, एकच मुलगा. माळकरी घरातल्या, लिंगायत, जैन आणि मारवाडी घरांतल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न चवीचा नसायचाच. ‘काका, तेल वेगळं हाय का एकच?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यापासून काउंटरवर येत राहिला. मुलगा ‘वेगळंच आहे’ म्हणायचा, आणि विचारणारी मुलगी मागच्या दाराकडे नजर टाकून कोल्ड कॉफी मागवायची.

पाकिटावरचा हिरवा आणि तपकिरी ठिपका भारतात 2001 पासून कायद्याने आला, पण तो पाकिटावर. उघड्या कढईला ठिपका नसतो. हैदराबादच्या किंवा मुंबईच्या मॉलमध्ये गिऱ्हाईक साखळीच्या नावावर विश्वास टाकून हा प्रश्न विचारत नाही. लातूरला साखळीचे नाव नवे होते, आणि ज्याच्यावर विश्वास टाकायचा ते नाव आप्पांचे होते. आप्पा तर त्या दुकानात पाऊल टाकत नव्हते, आणि ही गोष्ट साऱ्या गंजगोलाईला ठाऊक होती.

दुहेरी व्यवस्थेची आणखी एक अडचण मुख्यालयाच्या लक्षातही आली नव्हती: पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हेच शहर. त्यानंतर पाऊसमान सुधारले, तरी उन्हाळ्यात व्यापारी भागात टँकर लागतोच. दोन ठिकाणची भांडी, दोन ठिकाणची जमीन, दोन ठिकाणचे फ्रायर धुवायचे म्हणजे पाण्याचा खर्चही दुप्पट. साखळीच्या खर्चाच्या नमुन्यात पाण्याचा रकाना होता, पण त्यातला आकडा महानगरपालिकेचा नळ रोज येतो असे धरून भरलेला होता.

दोन श्रावण

पहिला मोठा फटका श्रावणात बसला, आणि त्याचे कारण पंचांगात होते.

मुख्यालयाकडून दरवर्षी श्रावणासाठी ‘व्हेज महोत्सव’ येतो: पनीरच्या पदार्थांवर सवलत, नवे फलक आणि चिकनच्या मालाचा कमी पुरवठा. उत्तर भारतात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. त्यामुळे 2022 मध्ये उत्तरेचा श्रावण 14 जुलैला लागला आणि 12 ऑगस्टला संपला, तर महाराष्ट्राचा 29 जुलैला सुरू होऊन 27 ऑगस्टपर्यंत चालला. गुरुग्रामच्या वेळापत्रकानुसार महोत्सवाचे फलक जुलैच्या मध्यावर लागले. लातूरकरांच्या लेखी तो आषाढ होता, म्हणजे पुढे महिनाभर मांस बंद राहणार म्हणून उरलेल्या बुधवार-शुक्रवार-रविवारी हात मोकळा सोडण्याचे दिवस. ज्या पंधरवड्यात चिकनला सर्वांत जास्त मागणी होती त्यात दुकानात चिकनचा माल अपुरा पडला. आणि आपला श्रावण ऐन भरात असताना, 13 ऑगस्टला, पनीरवरची सवलत संपून कोठारातून चिकनच्या गोठवलेल्या पॅटींचा पूर्ण कोटा येऊन थडकला. तो शीतपेटीत पडून राहिला. उणे 18 अंशांवर ठेवायचा माल, आणि रोज वीज जाण्याची भीती. जनित्राच्या डिझेलचा खर्च त्या महिन्यात दुकानाच्या भाड्याशी स्पर्धा करू लागला.

पुढचे वर्ष तर अधिक महिन्याचे. 2023 मध्ये 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण होता आणि निज, म्हणजे खरा, श्रावण 17 ऑगस्टपासून पुढे. अधिक महिन्यात मांस वर्ज्य मानायचे की नाही, याबाबत एकाच गल्लीत दोन मते असतात. काही घरांनी दोन्ही महिने पाळले, काहींनी फक्त निज श्रावण पाळला, आणि दीप अमावास्येला जेवणावळी करून मोकळे झालेल्यांपैकी काही जण निज श्रावण लागेपर्यंत पुन्हा मांसाकडे वळले. या वेळी भागीदारांनी स्वतःच पंचांग पुढ्यात घेऊन मागणीचा तक्ता केला आणि मुख्यालयाला पाठवला. उत्तर आले की राष्ट्रीय वेळापत्रकात एका शाखेसाठी बदल करता येत नाही.

येथे मुख्यालयाची बाजूही मांडली पाहिजे. साखळीचे सारे बळ एकसारखेपणात असते. एका ट्रकमधून सोलापूर, लातूर, नांदेड असा माल जातो, आणि प्रत्येक शाखेने आपापले पंचांग काढले तर कोठार चालवणे अशक्य होईल. पण हे एका शाखेचे वेगळेपण नव्हते. अमावास्येला महिना संपवणारी पद्धत महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात आहे. एवढ्या मोठ्या भूभागाला ‘एक शाखा’ समजणे ही नुसती गैरसोय न राहता व्यापारी चूक ठरते. डॉमिनोजने नवरात्रात उत्तर भारतातल्या काही दुकानांत फक्त शाकाहार आणि शिंगाड्याच्या पिठाचा पिझ्झा असा प्रयोग केला, तो तिथल्या उपवासाच्या रीतीला धरून होता. तोच पिझ्झा लातूरला चालेल का, असे मी थोरल्या भागीदाराला विचारले. तो म्हणाला, ‘सर, आमच्याकडे नवरात्रात अर्धं गाव तुळजापूरला पायी जातं. उपवासाला भगर आणि साबुदाणा. पिझ्झा खाऊन उपवास धरला असं सांगितलं तर आई घरात घेणार नाही.’

ठेच्याचा पिझ्झा

स्थानिक चवीची जी सवलत करारात होती तिचा लाभ घ्यायचा म्हणून पहिल्या दिवाळीच्या सुमारास ‘ठेचा पनीर पिझ्झा’ आणि ‘काळ्या तिखटाचा बर्गर’ असे दोन पदार्थ मेनूवर आले. मुख्यालयाच्या पाककृती विभागाने ते पुण्यात करून पाहिले होते आणि चवीला ते बरे होते, हे मी स्वतः खाऊन सांगतो. समाजमाध्यमांवर त्यांची छायाचित्रे पुष्कळ फिरली. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या मंडळींनी ते कौतुकाने मागवले. ट्यूशन एरियातल्या मुलांनी मात्र एकदा मागवून सोडून दिले, आणि संक्रांतीपर्यंत दोन्ही पदार्थ मेनूवरून उतरले.

कारण सांगायला एकही मुलगा कचरला नाही. ठेचा घरून येतो. दर पंधरा दिवसांनी एसटीच्या पार्सलमधून किंवा गावाकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती बरणीतून ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि काळं तिखट येते, आणि मेसची पातळ आमटी त्याच्या जोरावर खाल्ली जाते. जे घरी फुकट आणि अधिक चांगले मिळते त्यासाठी दुकानात पैसे का मोजायचे? मुले येथे येत होती ती घरी आणि मेसमध्ये जे मिळत नाही त्यासाठी: ताणले जाणारे चीज, मक्याचे दाणे, चॉकलेट घातलेला ब्रेड, थंडगार वातानुकूलित खोली आणि वाढदिवसाला मित्रांबरोबर छायाचित्र काढण्यासारखे टेबल. त्यांना परकेपणा हवा होता. फक्त तो परकेपणा त्यांच्या घरच्या निषेधाला छेद देणारा नको होता.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहायची तर इटलीचे उदाहरण आहे. डॉमिनोजने 2015 मध्ये पिझ्झाच्या माहेरघरी दुकाने काढली आणि 2022 मध्ये ती बंद केली. घरोघरी आणि कोपऱ्याकोपऱ्यावर जे उत्तम मिळते तेच विकायला परकी साखळी आली की तिला स्वागत मिळत नाही. लातूरमध्ये ठेचा विकणे हे त्याच जातीचे धाडस होते.

मग मॅकडोनाल्ड्सची मॅकआलू टिक्की का चालली, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. बटाट्याची टिक्की हाही देशी पदार्थच. पण ती आली दिल्लीच्या चाटच्या गाडीवरून, आणि महाराष्ट्रात ती कोणाच्या घरची रोजची गोष्ट नव्हती. शिवाय पावात बटाटा घालून खायची सवय वडापावने आधीच लावून ठेवली होती. तिची किंमत खिशाला झेपणारी होती. 2004 मध्ये कंपनीने काही पदार्थ 20 रुपयांना देऊ केले तेव्हा महाविद्यालयीन गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर जोडले गेले. निषेध आणि खिसा ही दोन्ही कुलपे उघडल्यावर चव तिच्यामागून आत गेली. गंमत अशी की वडापावने या व्यवहारातून उलट शिक्षण घेतले: 2001 मध्ये जम्बोकिंग आणि 2004 मध्ये गोली या साखळ्या निघाल्या, आणि गोलीने तर आपले वडे तळोज्याच्या त्याच कारखान्याकडून गोठवून घ्यायला सुरुवात केली जो मॅकडोनाल्ड्सच्या पॅटी करतो.

लातूरच्या शाखेचा खिशाचा प्रश्न मात्र नीट सुटला नाही. मेसचे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात, म्हणजे बर्गरला जाणारा प्रत्येक रुपया वरखर्चाचा. मुख्यालय ‘मील’ विकायचा आग्रह धरत होते, म्हणजे बर्गर, फ्राइज आणि पेय मिळून एक जेवण. येथे ते जेवण ठरत नव्हते. ‘ह्याच्यात पोट भरतंय का?’ असे पालक विचारायचे आणि शेजारच्या थाळीच्या हॉटेलात जायचे. फिलिपिन्समध्ये मॅकडोनाल्ड्स तळलेल्या चिकनबरोबर भात देते, कारण तिथे भाताशिवाय जेवण पूर्ण होत नाही. आमच्याकडे त्या भाताच्या जागी भाकरी आहे, आणि भाकरीला साखळीच्या स्वयंपाकघरात स्थान देणे जवळपास अशक्य आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ गरम पाण्यात मळून एकेक भाकरी हाताने थापावी लागते, ती तव्यावरून निखाऱ्यावर जाते, आणि गार झाली की वातड होते. ती कोठारात करून, गोठवून, ट्रकने पाठवून पुन्हा गरम करता येत नाही. जी गोष्ट साठवता येत नाही ती साखळीला विकता येत नाही, मग तिच्यावर गिऱ्हाइकाचा कितीही जीव असो. म्हणून भागीदारांनी जेवणाचा नाद सोडला आणि चार ते सात ही वेळ पकडली: दुपारची शिकवणी सुटल्यावर आणि रात्रीची अभ्यासिका भरण्यापूर्वी लागणारी भूक. मेनूच्या दुसऱ्या तक्त्यात ‘मील’ खाली सरकले आणि एकट्याला परवडणारे छोटे पदार्थ वर आले. गिऱ्हाईक परतायला येथून सुरुवात झाली.

वाटणी

तरी तेलाचा प्रश्न उभाच होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक प्रश्न होता. मुस्लिम मुले विचारत होती की चिकन हलाल आहे का. साखळीचा पुरवठादार हलाल प्रमाणपत्र असलेला होता, पण मुख्यालयाने ते दुकानात लावू नये असे बजावले होते. 2019 मध्ये मॅकडोनाल्ड्स इंडियाने आपल्या दुकानांना हलाल प्रमाणपत्र असल्याचे ट्विटरवर सांगितल्यावर बहिष्काराच्या हाका उठल्या होत्या, त्याचा हा धसका. शेजारच्या नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे शीख वस्ती मोठी आहे, आणि शीख आचारसंहितेत हलाल पद्धतीचे मांस वर्ज्य आहे. तेव्हा मराठवाड्यात हा प्रश्न केवळ इंटरनेटवरच्या वादाचा नाही. गप्प राहण्याने मात्र दोन्ही गिऱ्हाइके गेली. ज्याला हलाल हवे त्याला खात्री मिळेना, आणि ज्याला तेलाची शंका होती त्याची शंका तशीच राहिली.

2023 च्या दिवाळीनंतर धाकट्या भागीदाराने सुचवलेला मार्ग स्वीकारला गेला. औसा रस्त्यावरचे दुकान पूर्ण शाकाहारी झाले. पाटीवर तसे ठळक लिहिले, मधली भिंत काढून काचेची केली आणि फ्रायर गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आणला. कांदा-लसूण-बटाटा नसलेले दोन पदार्थ जैन घरांसाठी ठेवले. चिकनचे पदार्थ शहराच्या दुसऱ्या भागात, बसायची सोय नसलेल्या आणि फक्त पार्सल देणाऱ्या वेगळ्या गाळ्यात गेले. तिथे हलाल प्रमाणपत्र भिंतीवर लावले. मुख्यालयाने या रचनेला ‘तात्पुरता अपवाद’ म्हणून मान्यता दिली, तीही तोंडी. ही कल्पना नवी नव्हती. मॅकडोनाल्ड्सने 2012 मध्ये अमृतसर आणि वैष्णोदेवीच्या पायथ्याशी कटरा येथे पूर्ण शाकाहारी दुकाने काढण्याचे जाहीर केले होते, आणि अहमदाबादेत पिझ्झाच्या साखळ्यांनी त्याच्याही आधी तसे केले होते. नवे होते ते एवढेच की येथे हा निर्णय खालून वर गेला.

परिणाम एकरंगी नाही. मुलींच्या वसतिगृहांतून येणाऱ्या ऑर्डर वाढल्या. शनिवारी संध्याकाळी मुलांना भेटायला आलेले पालक, आजी-आजोबांसह, आत बसू लागले. आप्पा पहिल्यांदा दुकानात आले, गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यानंतर अधूनमधून येत राहिले; थोरल्या भागीदाराच्या मते कोणत्याही फलकापेक्षा या खुर्चीचा उपयोग जास्त झाला, आणि मला ते पटते. दुसरीकडे, रविवारी रात्री टोळक्याने येऊन मोठी बिले करणारी मुले तंदूरच्या हॉटेलांकडे गेली ती परतली नाहीत. पार्सलच्या गाळ्याला तोट्यात जाऊ न देण्यासाठी धाकट्याला रोज मध्यरात्रीपर्यंत तिथे बसावे लागते. मैत्री टिकली आहे, परंतु हिशेबाच्या वह्या आता वेगळ्या ठेवल्या जातात.

हे लिहीत असताना करारनूतनीकरणाची बोलणी चालू आहेत. भागीदारांनी तीन मागण्या ठेवल्या आहेत: मेनूतून पदार्थ गाळण्याचा लेखी अधिकार, दक्षिण व पश्चिमेकडील शाखांसाठी अमावास्येला महिना संपणाऱ्या पंचांगानुसार मालपुरवठा, आणि श्रावणात न खपलेल्या गोठवलेल्या मालाचा अर्धा भार साखळीने उचलणे. पंचांगाची मागणी मुख्यालयाने मान्य केली आहे, आणि सोलापूर व नांदेडच्या शाखांनाही ती लागू होणार आहे. पदार्थ गाळण्याच्या अधिकारावर ‘मुख्यालयाच्या पूर्वसंमतीने’ ही शब्दयोजना घालून मसुदा परत आला आहे. न खपलेल्या मालाबद्दल अद्याप काहीही उत्तर आलेले नाही, आणि तेवढ्यासाठी सही थांबली आहे.